मतभेद आणि साक्ष : लेस्ली न्यूबिगिन यांच्या पाश्चात्त्य संस्कृतिसमीक्षेचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

इंग्लंड आणि वेल्स येथील २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण ४६.२ टक्के आढळले. २०११ मध्ये हेच प्रमाण ५९.३ टक्के होते. ज्या देशातून एकेकाळी जगभर मिशनरी पाठवले गेले, त्या देशात ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून खाली येण्याची ही पहिलीच वेळ होय. या बदलाला पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारविश्वाने स्थूलमानाने तीन प्रकारे प्रतिसाद दिलेला दिसतो. काहींनी प्रचलित संस्कृतीशी जुळवून घेऊन श्रद्धेचा आशय तिच्या भाषेत बसवण्याचा प्रयत्न केला. काहींनी कायदा आणि सत्ता यांच्या आधारे गमावलेले स्थान परत मिळवण्याचा आग्रह धरला. काहींनी समाजाच्या मुख्य प्रवाहापासून अंतर राखून आपली श्रद्धा आणि आचार जपणारे छोटे समूह बांधण्याचा मार्ग सुचवला. रॉड ड्रेहर यांचे २०१७ मधील 'द बेनेडिक्ट ऑप्शन' हे पुस्तक या तिसऱ्या भूमिकेचे अलीकडील ठळक उदाहरण होय.

या तिन्ही प्रतिसादांत एक उणीव समान आहे. ज्याच्याशी आपले मूलभूत बाबतीत पटत नाही, त्याच्यासह एकाच समाजात, किंबहुना एकाच मंडळीत कसे राहावे, या प्रश्नाला ते बगल देतात. पहिला प्रतिसाद मतभेद पुसून टाकतो, दुसरा तो जिंकू पाहतो आणि तिसरा त्याच्यापासून दूर जातो. या पार्श्वभूमीवर बिशप लेस्ली न्यूबिगिन (१९०९–१९९८) यांच्या लेखनाचे पुनर्वाचन उद्बोधक ठरते. पाश्चात्त्य संस्कृतीचे ख्रिस्ती समीक्षक म्हणून त्यांची ख्याती त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन दशकांतील ग्रंथांवर आधारलेली आहे. तथापि त्या ग्रंथांत मतभेदाचा जो प्रश्न अर्धवट राहतो, त्याचे अधिक समाधानकारक उत्तर त्यांच्या दक्षिण भारतातील कार्यात सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कांचीपुरम ते बर्मिंगहॅम

न्यूबिगिन १९३६ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून मद्रास प्रांतात आले. कांचीपुरम येथील वास्तव्यात रामकृष्ण मिशनच्या संन्याशांसमवेत जमिनीवर बसून उपनिषदे आणि शुभवर्तमान यांचे आळीपाळीने वाचन करण्याचा त्यांचा परिपाठ होता. मिशनच्या सभागृहात जगातील थोर धर्मगुरूंच्या तसबिरींमध्ये येशूचीही तसबीर होती आणि नाताळच्या दिवशी तिची पूजा होत असे. तरुण मिशनऱ्याला हे पाहून वाटले की, येथे ख्रिस्ताला हिंदू विश्वदृष्टीच्या चौकटीत सामावून निरुपद्रवी करून टाकले आहे. पुढे मात्र याच निरीक्षणाचा रोख त्यांनी स्वतःकडे वळवला. आपण इंग्लंडहून जो ख्रिस्त घेऊन आलो तोही आधुनिक पाश्चात्त्य चौकटीत तितकाच सामावला गेलेला नव्हता काय, हा तो प्रश्न होय. त्यांच्या उत्तरकालीन विचाराचे बीज या आत्मपरीक्षणात आहे.

१९७४ मध्ये मद्रासच्या बिशपपदावरून निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि बर्मिंगहॅमच्या सेली ओक महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. पुढे त्यांनी त्याच शहरातील विन्सन ग्रीन या उपेक्षित वस्तीत, तुरुंगासमोरील एका लहानशा मंडळीची सेवाही पत्करली. शुभवर्तमानाविषयी जी थंड तुच्छता आपल्याला इंग्लंडमध्ये अनुभवास आली ती भारतातील विरोधापेक्षा अधिक कठीण होती, असे त्यांनी नमूद केले आहे. १९७३ च्या प्रारंभी बँकॉक येथील आंतरराष्ट्रीय मिशन परिषदेत इंडोनेशियाचे जनरल सिमातुपांग यांनी पश्चिमेचे परिवर्तन होऊ शकेल काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. आशियातील एका ख्रिस्ती माणसाने विचारलेला हा प्रश्न न्यूबिगिन यांनी आपला मानला. 'द अदर साइड ऑफ १९८४' (१९८३), 'फूलिशनेस टू द ग्रीक्स' (१९८६) आणि 'द गॉस्पेल इन अ प्लुरलिस्ट सोसायटी' (१९८९) हे ग्रंथ त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करतात.

तथ्य, मूल्य आणि श्रद्धा

न्यूबिगिन यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : युरोपातील ज्ञानोदयाच्या काळापासून पाश्चात्त्य संस्कृतीने जीवनाचे दोन कप्पे केले. तथ्यांचा कप्पा सार्वजनिक मानला गेला. त्यातील विधाने खरी की खोटी हे ठरवता येते आणि ती शाळेत सर्वांना शिकवली जातात. मूल्यांचा कप्पा खाजगी ठरला. तेथे खरे-खोटे नसते, केवळ आवड-निवड असते. धर्माची रवानगी या दुसऱ्या कप्प्यात झाली आणि चर्चनेही ती विनातक्रार स्वीकारली. परिणामी ख्रिस्ती संदेश हा सत्याविषयीचा दावा न राहता अनेकांपैकी एक वैयक्तिक अभिरुची बनला.

या विभाजनाला आव्हान देण्यासाठी त्यांनी मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञ-तत्त्वचिंतकाचा आधार घेतला. पोलान्यी यांनी 'पर्सनल नॉलेज' (१९५८) या ग्रंथात असे दाखवून दिले की, विज्ञानातील ज्ञानही निखळ तटस्थ नसते. परंपरेवर विश्वास ठेवल्याशिवाय, धोका पत्करून बांधिलकी स्वीकारल्याशिवाय शास्त्रज्ञाला एक पाऊलही टाकता येत नाही. तथापि ही बांधिलकी केवळ खाजगी नसते, कारण आपल्याला गवसलेले सत्य सर्वांसाठी सत्य आहे अशा हेतूनेच तो ते मांडतो आणि इतरांच्या परीक्षणाला खुले करतो. न्यूबिगिन यांच्या मते ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूपही असेच आहे. सर्वच ज्ञानाचा प्रारंभ विश्वासात होत असल्याने श्रद्धावंताने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही आणि आपले ज्ञान अपुरे असल्याने अहंकार बाळगण्याचेही कारण नाही.

यातूनच त्यांचे बहुलतेविषयीचे विवेचन आकारास आले. समाजात अनेक धर्म आणि विचार असणे ही वस्तुस्थिती झाली, परंतु त्यांपैकी कोणाच्याही बाबतीत सत्याचा प्रश्न विचारू नये हा एक सिद्धांत झाला. पहिली गोष्ट स्वीकारताना दुसरी स्वीकारण्याचे बंधन नाही. 'ट्रुथ टू टेल' (१९९१) मध्ये त्यांनी अज्ञेयवादी बहुलता आणि बांधिलकीयुक्त बहुलता असा भेद केला. शास्त्रज्ञांच्या समुदायात तीव्र मतभेद असतात, पण ते सर्वजण एकाच सत्याच्या शोधात असल्याने मतभेदाला अर्थ राहतो. जेथे सत्याची आशाच सोडून दिलेली असते, तेथे मतभेद केवळ सहअस्तित्वापुरते उरतात आणि कोणी कोणाचे ऐकण्याचे कारण संपते. अध्यापनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना या भेदाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वर्गातील चर्चा ही परस्परांची मते ऐकवण्याची जागा आहे की मते तपासण्याची, हा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे.

समीक्षेच्या मर्यादा

हे प्रतिपादन प्रभावी असले तरी त्याच्या दोन मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा इतिहासविषयक आहे. न्यूबिगिन यांच्या मांडणीत श्रद्धेचे खाजगीकरण हा प्रामुख्याने ज्ञानविषयक भूमिकेतील बदलाचा परिणाम दिसतो. युरोपातील धर्मयुद्धे, विशेषतः १६१८ ते १६४८ या काळातील तीस वर्षांचे युद्ध, यांचा वाटा त्यात पुरेसा उमटत नाही. ख्रिस्ती लोक आपापसांतील मतभेद रक्तपाताविना हाताळू शकले नाहीत, हेही धर्म सार्वजनिक जीवनातून मागे सरण्याचे एक मोठे कारण होते. सहिष्णुतेचा पुरस्कार करणारे जॉन लॉक यांचे १६८९ चे पत्रही ख्रिस्ती परिभाषेतच युक्तिवाद करते. ते बाहेरून चर्चवर लादलेले तत्त्वज्ञान नव्हते. न्यूबिगिन यांनी चर्चच्या राजकीय वर्चस्वाचे पुनरुज्जीवन निःसंदिग्धपणे नाकारले आहे, ही गोष्ट खरी. परंतु शुभवर्तमान हे सार्वजनिक सत्य आहे, असे म्हणणाऱ्या समुदायाला प्रथम या स्मृतीला उत्तर द्यावे लागते. सत्याचा दावा पुन्हा सार्वजनिक झाला तर मतभेदाचे काय होईल, अशी शंका घेणारा श्रोता नेहमीच तुच्छतावादी असतो असे नाही. पुष्कळदा तो इतिहास आठवत असतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. या ग्रंथांत चर्च आणि संस्कृती यांच्यातील मतभेदाचे विवेचन विस्ताराने येते, चर्चमधील मतभेदाचे मात्र अल्प येते. शुभवर्तमानाचा अर्थ जगाला उलगडून दाखवणारे माध्यम म्हणजे त्यानुसार जगणारी मंडळीच, हा १९८९ च्या ग्रंथातील सर्वांत गाजलेला विचार होय. परंतु ती मंडळी स्वतःच विभागलेली असेल तर जगाने तिच्याकडे पाहून कोणता अर्थ घ्यावा? एकाच शास्त्राचा आधार घेऊन दोन गट परस्परविरुद्ध निष्कर्षांवर येतात, तेव्हा संस्कृतीच्या प्रभावाखाली कोण आहे हे ठरवायचे कोणी? शिवाय संस्कृती ही सीमेपलीकडची वस्तू नाही. ती उपासकांच्या भाषेत, त्यांच्या कुटुंबव्यवस्थेत आणि त्यांच्या नैतिक संवेदनांत आधीच नांदत असते. कांचीपुरमच्या तसबिरीवरून न्यूबिगिन स्वतः याच निष्कर्षाप्रत आले होते, परंतु मंडळीविषयीच्या आदर्श चित्रात त्याचा पूर्ण वापर झालेला नाही.

दक्षिण भारतातील ऐक्याचा धडा

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न्यूबिगिन यांच्या सिद्धांतापेक्षा त्यांच्या पूर्वायुष्यात शोधणे फलदायी ठरते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथील सेंट जॉर्जेस कथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल अशा परंपरा तीत एक झाल्या. बिशपांची अखंड परंपरा मानणारे आणि ती न मानणारे प्रथमच एका चर्चमध्ये सामील झाले. १९१९ च्या तरंगमबाडी परिषदेपासून सुरू झालेल्या वाटाघाटींना २८ वर्षे लागली. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरय्या त्यांचे अग्रणी होते, परंतु १९४५ मध्ये निधन झाल्याने ते ऐक्य पाहू शकले नाहीत. प्रेस्बिटेरियन परंपरेत दीक्षा घेतलेले न्यूबिगिन स्वतः या नव्या चर्चचे मदुराई-रामनाड येथील बिशप झाले.

मतभेद हाताळण्याच्या दृष्टीने या योजनेतील तीन तरतुदी विचारार्ह आहेत. एक, ऐक्यापूर्वी ज्यांची दीक्षा झाली होती अशा सर्व पाळकांना पुन्हा दीक्षा न देता स्वीकारण्यात आले. यापुढच्या दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते होतील असे ठरले. दोन, दोन्ही प्रकारचे पाळक एकत्र सेवा करतील असा ३० वर्षांचा संक्रमणकाळ गृहीत धरण्यात आला. तीन, ज्या उपासनापद्धतीला किंवा ज्या पाळकाला एखाद्या मंडळीचा सदसद्विवेकबुद्धीने विरोध असेल ते तिच्यावर लादले जाणार नाही, असे वचन देण्यात आले.

या तरतुदींमागील विचार साधा पण धाडसी आहे. प्रथम सर्व वाद मिटवावेत आणि मग एकत्र यावे, असा क्रम येथे स्वीकारलेला नाही. एका मेजावर प्रभुभोजन घेत घेत वाद सोडवावेत, असा क्रम आहे. मतभेद गौण आहे असे कोणी म्हटले नाही. तो सोडवण्यास काळ लागतो आणि तो काळ एकत्र घालवला पाहिजे, एवढेच म्हटले गेले. १९४८ च्या 'द रियुनियन ऑफ द चर्च' या ग्रंथात न्यूबिगिन यांनी या योजनेचे धर्मशास्त्रीय समर्थन केले.

योजनेला विरोधही कडवा झाला आणि तो मुख्यतः इंग्लंडमधून झाला. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये 'रियुनियन बाय डिस्ट्रक्शन' ही पुस्तिका लिहून तीवर टीका केली. १९४८ च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांचे नव्या चर्चमधील दीक्षांविषयी एकमत होऊ शकले नाही. दक्षिण भारतातही नंद्याल भागातील काही अँग्लिकन मंडळ्या दीर्घकाळ बाहेर राहिल्या.

उत्तर भारतात २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा वेगळा मार्ग अवलंबण्यात आला. सहा चर्चेसच्या या ऐक्यात पाळकांचे एकत्रीकरण प्रारंभीच परस्परांच्या मस्तकी हात ठेवण्याच्या विधीने करण्यात आले. त्यात बॅप्टिस्ट परंपराही होती. त्यामुळे बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ वयात विश्वास प्रकट करून घेतलेला बाप्तिस्मा, या शतकानुशतके परस्परविरोधी मानल्या गेलेल्या दोन्ही प्रथांना एकाच चर्चमध्ये स्थान मिळाले. याच प्रश्नावर सोळाव्या शतकातील युरोपात माणसे जिवे मारली गेली होती, हे लक्षात घेता या तरतुदीचे मोल कळून येते.

या अनुभवाचे आदर्शीकरण करणे मात्र योग्य नव्हे. पाळकांच्या दीक्षेविषयी ज्या चर्चने इतकी सूक्ष्म काळजी घेतली, तिला आपल्या मंडळ्यांतील जातिभेदाचा निकाल लावता आला नाही. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ आदींनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली, तीत ही वेदना मुखर झाली. कोणता मतभेद वाटाघाटीस पात्र आहे हे बहुधा ज्यांच्या हाती सत्ता असते तेच ठरवतात, हा या इतिहासाचा दुसरा धडा होय.

परस्परांची दुरुस्ती

पाश्चात्त्य ख्रिस्ती माणसाला आपल्या संस्कृतीचे भान स्वतःहून येत नाही. त्यासाठी अन्य संस्कृतींतील ख्रिस्ती बांधवांची साक्ष आवश्यक आहे, असे न्यूबिगिन यांचे मत होते. या मताला मराठी वाचकाच्या परिचयाचे एक पूर्वोदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी सिस्टर जेराल्डिन आदींशी केलेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धांताविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी निर्भीड प्रश्न उपस्थित केले. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रकाशित केला.

या पत्रांत मतभेदाचे एक दुर्मीळ रूप दिसते. रमाबाईंनी श्रद्धा सोडली नाही, संबंधही तोडले नाहीत आणि आपला प्रश्नही मागे घेतला नाही. ब्रिटिश चर्चला श्रद्धेचा भाग वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टी प्रत्यक्षात व्हिक्टोरियन शिस्तीचा भाग आहेत, हे त्यांच्या प्रश्नांमुळे उघड झाले. परंतु ज्यांना ही दुरुस्ती उद्देशून होती त्यांनी ती बव्हंशी गर्व आणि अवज्ञा म्हणून वाचली. दुसऱ्या संस्कृतीची साक्ष हवी असे म्हणणे सोपे असते. ती साक्ष आपल्या विरुद्ध जाते तेव्हा ऐकणे कठीण असते.

समकालीन वादांच्या संदर्भात

अँग्लिकन परिवारातील अलीकडील वाद हा या विचारांच्या कसोटीचा प्रसंग आहे. समलिंगी संबंधांविषयी १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेने पारंपरिक भूमिकेचा ठराव केला. २००३ मध्ये अमेरिकेत जीन रॉबिन्सन यांची बिशपपदी प्रतिष्ठापना झाली आणि वाद चिघळला. २००४ च्या विंडसर अहवालाने संयमाचे आवाहन केले, तर २००८ मध्ये जेरुसलेम येथे पारंपरिक पक्षाने गॅफकॉन हे स्वतंत्र व्यासपीठ उभारले. २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादपर प्रार्थनांचे स्वागत केले. त्याच वर्षी किगाली येथे जमलेल्या गॅफकॉनने कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या नेतृत्वावर अविश्वास व्यक्त केला.

या वादात प्रत्येक पक्ष दुसऱ्यावर संस्कृतीला शरण गेल्याचा आरोप करतो. आफ्रिकेतील अनेक बिशपांच्या मते पाश्चात्त्य चर्च आपल्या व्यक्तिवादी संस्कृतीचे प्रतिध्वनी उमटवते. पाश्चात्त्य उदारमतवाद्यांच्या मते विरोधी भूमिकेत स्थानिक पितृसत्ताक रूढी आणि वसाहतकालीन कायद्यांचा वारसा डोकावतो. दोन्ही आरोपांत तथ्यांश असू शकतो आणि नेमके म्हणूनच परस्परांची दुरुस्ती आवश्यक ठरते. परंतु ती होण्यासाठी दोघांनी एका मेजाशी बसून राहिले पाहिजे.

१९४७ चा नमुना येथे जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य करावयास हवे. तेव्हाचे पक्ष एकत्र येऊ पाहत होते, आताचे दूर जाऊ पाहतात. तेव्हाचा प्रश्न पाळकपदाचा होता, आताचा प्रश्न मंडळीत उपस्थित असलेल्या व्यक्तींच्या जीवनाचा आहे. ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा आहे त्यांना आणखी ३० वर्षे थांबा असे सांगणे हे अन्यायाला मुदतवाढ देणे ठरू शकते. तरीही त्या नमुन्यातील दोन तत्त्वे टिकून राहतात : सदसद्विवेकाला जबरदस्तीपासून संरक्षण आणि वाद चालू असताना संबंध न तोडण्याची जबाबदारी. तिसरे तत्त्व, म्हणजे काळ देणे, हे मात्र प्रतीक्षेची किंमत कोण मोजतो हे विचारूनच वापरले पाहिजे.

निष्कर्ष

न्यूबिगिन यांच्या उत्तरकालीन ग्रंथांनी पाश्चात्त्य संस्कृतीच्या तटस्थतेच्या दाव्यामागील श्रद्धा उघड केल्या आणि सत्यनिष्ठा व नम्रता यांचा मेळ शक्य असल्याचे दाखवले, हे त्यांचे चिरस्थायी योगदान होय. परंतु त्या ग्रंथांतील मंडळी ही वास्तवातील मंडळीहून अधिक एकमुखी आहे. त्यांचे वाचन १९४७ च्या अनुभवासह केल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. आपल्याशी सहमत नसलेल्या समाजासमोर ख्रिस्ती समुदाय जी साक्ष देतो, तिची विश्वसनीयता तो आपल्या घरातील मतभेद कसे हाताळतो यावर अवलंबून असते. धर्मयुद्धांची स्मृती बाळगणाऱ्या पश्चिमेला युक्तिवादाने निरुत्तर करता येईल, पण आश्वस्त करता येणार नाही. वाद संपण्यापूर्वीच एकत्र भाकर मोडणारी माणसे पाहिल्यावर कदाचित तिची शंका शिथिल होईल. दक्षिण भारतातील आणि नागपुरातील ऐक्याने जे अपुरे का होईना साध्य केले, त्याचे महत्त्व या दृष्टीने केवळ प्रादेशिक चर्च-इतिहासापुरते मर्यादित राहत नाही.